विमेन ऑफ कलरवरील शोधनिबंधाचा सारांश कसा लिहावा: सुरुवात ‘नेमक्या कोणत्या स्त्रिया?’ या प्रश्नापासून

अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय स्त्री-कामगारांनी जनरल मोटर्सवर खटला भरला होता. त्यांचे म्हणणे असे, की कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नाही आणि १९७० नंतर ज्यांना घेतले त्या सगळ्याजणी पुढच्या मंदीत ज्येष्ठतेच्या, म्हणजे शेवटी आलेल्यांना आधी काढण्याच्या, नियमाने घरी बसल्या. १९७६ चा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. कंपनीत १९६४ पूर्वीही स्त्रिया होत्या, म्हणून लिंगावरून भेदभाव नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, ही बाब बाजूलाच राहिली. वंशाची तक्रार कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या एका खटल्याला जोडावी, असे सुचवण्यात आले. ‘स्त्रिया’ या रकान्यात गोऱ्या बायका मोजल्या गेल्या, ‘कृष्णवर्णीय’ या रकान्यात पुरुष धरले गेले आणि या पाचजणी दोन रकान्यांच्या फटीत हरवल्या.

कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ च्या लेखात हा खटला उलगडून दाखवला आणि ‘इंटरसेक्शनॅलिटी’ (वंश, लिंग यांसारखे भेद एकमेकांना छेदतात, म्हणून त्यांचा विचार एकत्र करणे) हा शब्द अभ्यासविश्वात आणला. सारांश लिहिणाराही न्यायालयासारखीच चूक सहज करतो. लेख असतो शिकागोच्या एका भागातल्या कृष्णवर्णीय मातांवर; सारांशात त्या ‘स्त्रिया’ होतात, नाहीतर ‘अल्पसंख्याक’, नाहीतर नुसते ‘लोक’. मजकूर आटला की आधी विशेषणे गळतात, आणि ‘विमेन ऑफ कलर’ म्हणजे कृष्णवर्णीय, लॅटिना (लॅटिन अमेरिकी मुळाच्या), आशियाई, मूळ अमेरिकन अशा गोऱ्या नसलेल्या स्त्रिया या विषयात विशेषण हाच विषय असतो. खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख तेवढी गळती थांबवण्यावर आहे.

आधी माप ठरवा

सारांश कुणासाठी आहे, हे ठरल्याशिवाय पहिली ओळ लिहू नये. प्रबंधातील संदर्भपरीक्षणासाठी असेल तर एका लेखाला ८० ते १५० शब्द पुरतात. वर्गातल्या सादरीकरणासाठी किंवा टिपणसंग्रहासाठी ३०० शब्द सोयीचे. लेख मूळ भाषेत वाचू न शकणाऱ्यांसाठी लिहायचे असेल तर ७०० ते ८०० शब्दांपर्यंत जावे. त्यापुढे सारांश राहत नाही, सैल भाषांतर होते.

३०० शब्दांची वाटणी साधारण अशी बसते: प्रश्न आणि पार्श्वभूमी ४०, कोणाचा अभ्यास आणि कसा ७०, काय आढळले १२०, त्याचा लेखकाने लावलेला अर्थ ४०, मर्यादा ३०. पार्श्वभूमीलाच शंभर शब्द खर्च होतात आणि निष्कर्षाला दोन ओळी उरतात, हा नेहमीचा अपघात. पार्श्वभूमी लेखाच्या सुरुवातीला असते आणि वाचायला सोपी असते, म्हणून हात तिथे रेंगाळतो.

लेखाबरोबर छापलेला गोषवारा मराठीत उतरवून काढणे म्हणजे सारांश नव्हे. गोषवारा लेख वाचायला लावण्यासाठी लिहिलेला असतो. त्यात मर्यादा क्वचितच येतात आणि नमुन्याची माहिती अर्ध्या ओळीत संपते.

लेखाचा प्रकार ओळखा

या क्षेत्रात निदान चार प्रकारचे लेख येतात आणि प्रत्येकाला वेगळी कात्री लागते. आकडेवारीवरचा लेख: नमुना, मोजमाप, फरक. मुलाखती किंवा क्षेत्रकार्यावरचा लेख: कोण बोलले, कोणती सूत्रे निघाली. वाद मांडणारा लेख, म्हणजे कायदा, सिद्धान्त, इतिहास: इथे नमुना नसतो, तर्काची साखळी असते. आणि आधीच्या अभ्यासांचा आढावा: किती अभ्यास, कोणत्या काळातले, कोणत्या निकषांवर निवडले.

सिद्धान्ताच्या लेखाला ‘संशोधन पद्धती’ नावाचा परिच्छेद चिकटवला की सारांश हास्यास्पद होतो. साच्याचा तक्ता भरून सारांश लिहिणाऱ्यांकडून हे हमखास होते.

तीन वाचने

पंचवीस पानी लेखासाठी तीन वाचने धरावीत. पहिले वीस मिनिटांचे: शीर्षक, गोषवारा, प्रस्तावनेचे शेवटचे दोन परिच्छेद, सगळी उपशीर्षके, तक्ते आणि समारोप. लेखाचा दावा बहुधा प्रस्तावनेच्या शेवटी असतो. तो एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा. पुढे तो चुकीचा ठरला तर चांगलेच. कुठे चुकलात हे कळते.

दुसरे वाचन दीड-दोन तासांचे, हातात पेन घेऊन. कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे लेख काय सांगतो ते पानाच्या क्रमांकासह, उजवीकडे तुमच्या शंका आणि मते. हे दोन भाग एकत्र झाले की आठवड्याने स्वतःलाच कळत नाही की ‘हा भेदभाव संरचनात्मक आहे’ हे लेखिकेचे वाक्य आहे की आपले.

तळटिपा वाचा. कायद्याच्या नियतकालिकांतील लेखांत निम्मा ऐवज तळटिपांत असतो. क्रेनशॉ यांच्या १९९१ च्या लेखात ‘ब्लॅक’ हा शब्द मोठ्या अक्षराने का लिहिला, याचे कारण तळटिपेतच आहे: कृष्णवर्णीय हा एक विशिष्ट सांस्कृतिक समूह आहे, म्हणून विशेषनामासारखे मोठे अक्षर. देवनागरीत मोठे अक्षर नाही, त्यामुळे ही भूमिका भाषांतरात नाहीशी होते. लेखाच्या मांडणीत तिला महत्त्व असेल तर अर्धे वाक्य खर्चून सांगावी लागते.

तिसरे वाचन मसुदा झाल्यावर, अर्ध्या तासाचे, फक्त पडताळणीसाठी. त्याकडे शेवटी येऊ.

‘कोण’ची ओळ

दुसऱ्या वाचनानंतर सारांशाला हात घालण्याआधी एकच ओळ पूर्ण करा: कोणत्या स्त्रिया, किती, कुठे, कोणत्या वर्षी, कशा निवडल्या आणि त्यांची ओळख कुणी ठरवली. ही माहिती पद्धतीच्या भागात आणि पहिल्या तक्त्यात सापडते.

शेवटचा तुकडा बहुतेकजण सोडतात, आणि तोच महत्त्वाचा असतो. स्वतःची वांशिक ओळख स्त्रीने स्वतः सांगितली, की रुग्णालयाच्या नोंदीतून घेतली, की आडनावावरून ठरवली, की संशोधकाने छायाचित्र पाहून? या चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. अमेरिकी जनगणनेच्या पद्धतीत ‘हिस्पॅनिक’ (स्पॅनिशभाषक देशांशी मूळ जोडलेली) ही ओळख वंशापासून वेगळी विचारली जात असे. हिस्पॅनिक व्यक्ती कोणत्याही वंशाची असू शकत होती. मार्च २०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने निकष बदलले आणि दोन्ही प्रश्न एकत्र केले, शिवाय मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा नवा गट जोडला. त्यामुळे जुन्या आणि नव्या लेखांतील ‘श्वेत’ किंवा ‘लॅटिना’ या गटांत नेमक्या त्याच स्त्रिया असतील असे नाही. वर्ष लिहायचे ते यासाठी.

गट एकत्र केलेले असतील तर तेही सांगा. संख्या कमी पडते म्हणून संशोधक कृष्णवर्णीय, लॅटिना, आशियाई आणि मूळ अमेरिकन स्त्रियांचा एकच गट करतात. अशा लेखातून ‘आशियाई स्त्रियांमध्ये असे आढळले’ हे वाक्य निघूच शकत नाही.

शब्दांची अडचण

‘विमेन ऑफ कलर’ला मराठी प्रतिशब्द काय? ‘रंगीत स्त्रिया’ अर्थातच नको. तो यंत्राने केलेल्या भाषांतरात आढळतो आणि हसू येण्यापलीकडेही त्याला अडचण आहे: ‘कलर्ड’ हा अमेरिकेत जुना, अपमानकारक शब्द आहे, तर दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यापासून तो एका वेगळ्या गटाचे अधिकृत नाव होता. ‘वर्णीय स्त्रिया’ लिहावे तर मराठी वाचकाच्या डोक्यात चातुर्वर्ण्य उभे राहते. ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द वर्तमानपत्रांनी रुळवला आहे, पण तो ‘ब्लॅक’साठी, लॅटिना, आशियाई, मूळ अमेरिकन स्त्रिया त्यात बसत नाहीत. ‘गौरेतर’ हा त्यातल्या त्यात अचूक, पण तो गोरेपणाला केंद्रस्थानी ठेवून बाकीच्यांना ‘इतर’ करतो, आणि मूळ संज्ञा नेमके तेच टाळण्यासाठी आली आहे. लोरेटा रॉस या कार्यकर्तीने सांगितल्याप्रमाणे १९७७ च्या ह्यूस्टन येथील राष्ट्रीय महिला परिषदेत वेगवेगळ्या समूहांच्या स्त्रियांनी एकत्र येण्याची घोषणा म्हणून ती स्वीकारली. म्हणजे ती राजकीय एकजुटीची संज्ञा आहे, कातडीच्या छटेचे वर्णन नाही.

व्यवहारात दोन नियम पुरतात. संज्ञा पहिल्यांदा येईल तिथे ‘विमेन ऑफ कलर’ असेच लिहून एका वाक्यात अर्थ द्या. त्यानंतर, लेखात जो गट प्रत्यक्ष अभ्यासला आहे त्याचेच नाव वापरा. लेख फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांवर असेल तर सारांशात छत्रीसारखी संज्ञा उघडू नका.

काही सापळे मराठी वाचकासाठी खास आहेत. ‘इंडियन विमेन’ हे शब्द अमेरिकी लेखात, विशेषतः जुन्या लेखात, बहुधा मूळ अमेरिकन स्त्रियांसाठी असतात. घाईत ‘भारतीय स्त्रिया’ लिहिले की संपूर्ण सारांश दुसऱ्या खंडावर जातो. त्यांना ‘मूलनिवासी’ म्हणायचे तर या शब्दाला महाराष्ट्रात स्वतःचे राजकारण आहे, म्हणून ‘मूळ अमेरिकन’ बरे, आणि लेखात जमातीचे नाव असेल तर तेच सर्वांत उत्तम. ‘एशियन’ म्हणजे ब्रिटिश लेखात मुख्यतः भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. अमेरिकी लेखात चिनी, जपानी, कोरियन, व्हिएतनामीही. उलट १९७० आणि १९८० च्या दशकांतील ब्रिटिश लेखांत ‘ब्लॅक’ या राजकीय संज्ञेत दक्षिण आशियाई स्त्रियाही येत. लंडनमध्ये १९७९ साली स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेच्या नावात तोच अर्थ आहे. तिथे ‘कृष्णवर्णीय भगिनी’ असे भाषांतर करून पुढे गेलात तर संघटनेतल्या पंजाबी, गुजराती बायका नाहीशा होतात.

‘मायनॉरिटी’साठी ‘अल्पसंख्याक’ लिहिले की भारतीय वाचक धार्मिक अल्पसंख्याक समजतो. ‘वांशिक अल्पसंख्याक’ असे पूर्ण लिहा. ‘स्त्रिया आणि अल्पसंख्याक’ ही जोडी दिसली तर थांबा; ज्या दोन्ही आहेत त्या कोणत्या बाजूला मोजल्या, हे लेखात शोधा आणि सापडले नाही तर मर्यादेत नोंदवा.

‘रेस’ला वंश, ‘सेक्स’ला लिंग, ‘जेंडर’ला लिंगभाव. ‘रेस’ला जात म्हणू नका. इथे मोह मोठा असतो आणि त्याला परंपराही आहे: जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना, आणि १९७२ च्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दलित स्त्रीवादी भूमिका मांडताना कृष्णवर्णीय स्त्रीवादाशी संवाद साधला होता. पण तिथे तुलना लेखिकेने स्वतः, कारणे देऊन केली आहे. अमेरिकी लेखात ती नसेल तर सारांशातही नसावी. तुमची तुलना उजव्या रकान्यात ठेवा.

शेवटी मराठी व्याकरण. इंग्रजीतले ‘वर्कर्स’, ‘पार्टिसिपंट्स’, ‘डॉक्टर्स’ मराठीत येताना आपोआप पुल्लिंगी होतात: ‘कामगार म्हणाले’, ‘सहभागींना वाटले की आपण एकटे आहोत’. लेख केवळ स्त्रियांवर असूनही सारांशातून पुरुषांचा घोळका चालत जातो. ‘सहभागी स्त्रिया म्हणाल्या’, ‘स्त्री-कामगारांना वाटले की आपण एकट्या पडलो’ असे लिहा. पहिल्या मसुद्यात प्रत्येक क्रियापदाचे लिंग तपासण्यासाठी एक फेरी वेगळी मारावी लागते. एखादी सहभागी व्यक्ती स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवत नसेल तर ‘ही व्यक्ती’ किंवा लेखातले नाव पुन्हा वापरून वाक्य निभवता येते.

आकडे

आकडा सारांशात नेताना चार गोष्टी त्याच्याबरोबर जाव्यात: कशाचा, किती जणींपैकी, कुणाच्या तुलनेत, कोणत्या वर्षी. एखादे उदाहरण नीट सोडवून पाहू.

जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांच्या २०१८ च्या अभ्यासाबद्दल असे वाक्य सर्रास वाचायला मिळते: ‘चेहरा ओळखणारे तंत्रज्ञान कृष्णवर्णीय स्त्रियांना ओळखण्यात ३५ टक्के वेळा चुकते.’ या एका वाक्यात तीन चुका आहेत. अभ्यास चेहऱ्यावरून व्यक्ती ओळखण्याचा नव्हता. छायाचित्रातील व्यक्ती स्त्री की पुरुष, हे सांगणाऱ्या प्रणालींचा होता. गट वंशाचे नव्हते, त्वचेच्या छटेचे होते. आणि ३४.७ टक्के हा तीन प्रणालींपैकी सर्वांत वाईट प्रणालीचा आकडा आहे, सगळ्यांचा नव्हे. त्याच अभ्यासाचा शंभरेक शब्दांचा सारांश असा होऊ शकतो:

‘बुओलाम्विनी आणि गेब्रू (२०१८) यांनी छायाचित्रावरून लिंग ठरवणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. आफ्रिकेतील तीन आणि युरोपातील तीन देशांच्या संसद सदस्यांची १,२७० छायाचित्रे त्यांनी त्वचेची छटा (फिट्झपॅट्रिक मापनाचे सहा प्रकार, गडद आणि उजळ अशा दोन गटांत) आणि लिंग यांनुसार चार उपगटांत विभागली. तिन्ही प्रणाली गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत सर्वाधिक चुकल्या. चुकांचे प्रमाण २०.८ ते ३४.७ टक्के होते. उजळ त्वचेच्या पुरुषांबाबत ते जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. एकूण अचूकतेच्या आकड्यात ही तफावत झाकली जाते, म्हणून मूल्यमापन उपगटनिहाय व्हावे, असे लेखिका म्हणतात. अभ्यासात लिंगाचे दोनच गट धरले आहेत.’

‘उजळ’ला ‘गोरे’ लिहिले असते तर पुन्हा घोटाळा. मराठीत गोरी ही लग्नाच्या जाहिरातीतली मुलगीही असते आणि लंडनची मेमही.

दुसरा नमुना टक्क्यांचा. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागो येथील नोकरीच्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवले. अर्ज तोलामोलाचे, नावे मात्र काही गोऱ्या वाटणारी, काही कृष्णवर्णीय वाटणारी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ९.६५ टक्के आणि कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना ६.४५ टक्के वेळा बोलावणे आले. फरक किती? ३.२ टक्केबिंदू. प्रमाणात पाहिले तर गोऱ्या नावांना सुमारे ५० टक्के अधिक. ‘३.२ टक्के फरक’ लिहिले तर भेदभाव नगण्य वाटतो आणि नुसते ‘५० टक्के’ लिहिले तर वाचकाला वाटते निम्म्या अर्जांना बोलावणे आले. दोन्ही मूळ आकडे द्या, मग फरक.

याच अभ्यासात स्त्रियांच्या नावांची ओळ वेगळी आहे: ९.८९ आणि ६.६३. तिच्यावरून ‘कृष्णवर्णीय स्त्रियांना दुहेरी भेदभाव’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. पण पुरुषांच्या नावांत अंतर ८.८७ आणि ५.८३ असे आहे, म्हणजे जवळपास तेवढेच. या तक्त्यातून वंशामुळे पडणारे अंतर दिसते, स्त्रियांसाठी ते आणखी रुंद आहे असे दिसत नाही. आपल्याला जे सिद्ध व्हावेसे वाटते ते तक्त्यात नसेल तर सारांशातही येत नाही. शिवाय ‘बोलावणे’ म्हणजे नोकरी नव्हे, आणि अर्जदार स्त्रिया प्रत्यक्षात नव्हत्याच. होती ती नावे.

दर लिहिताना छेद सोडू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राच्या २०२१ च्या आकड्यांत हिस्पॅनिक नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा मातामृत्यू दर ६९.९ आणि हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्या स्त्रियांचा २६.६ होता. हे एक लाख जिवंत जन्मांमागे, एक लाख गर्भवतींमागे नव्हे, आणि टक्के तर मुळीच नव्हेत. ‘२.६ पट’ हे सांगायला सोपे, पण मूळ दर दिल्याशिवाय पट सांगू नये. आणि हा फरक ‘वंशामुळे’ आहे असे लिहू नका. वंश हे इथे वर्गीकरण आहे. कारण म्हणून लेख जे सांगतो, उदाहरणार्थ उपचारांतील दिरंगाई किंवा विम्याचा अभाव, तेच कारण म्हणून लिहा.

सहसंबंधाला कारण म्हणणे ही सगळ्याच क्षेत्रांतली चूक. इथे तिची किंमत जास्त, कारण ‘कृष्णवर्णीय असणे हा जोखीम घटक’ असे वाक्य वाचून वाचक दोष शरीरात शोधू लागतो.

मुलाखतींवरचे लेख

अशा लेखात पंधरा-वीस किंवा तीस स्त्रिया असतात. संख्या लपवू नका आणि तिच्याबद्दल माफीही मागू नका. खोलात जाणाऱ्या मुलाखतींचा हेतू टक्केवारी काढणे हा नसतोच. मात्र ‘काहीजणी’चे ‘बहुतेकजणी’ होता कामा नये. लेखिकेने ‘अनेक’, ‘काही’, ‘दोघीजणी’ असे जे परिमाण वापरले असेल ते तसेच आणा. ‘लॅटिना घरकामगार स्त्रियांना असे वाटते’ हे वाक्य चुकीचे. ‘या अभ्यासातील लॅटिना घरकामगार स्त्रियांनी सांगितले’ हे बरोबर.

चंद्रा तळपदे मोहंती यांच्या १९८४ च्या निबंधाचा रोख याच सवयीवर होता. मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या मोहंती यांनी दाखवले, की पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखन वेगवेगळ्या देशांतील, वर्गांतील स्त्रियांना एकसाची ‘तिसऱ्या जगातील स्त्री’त कसे बसवते: गरीब, अडाणी, परंपरेत जखडलेली, सोसणारी. सारांशाची लांबी जितकी कमी तितका हा साचा जवळ येतो. उपाय साधा आहे. निष्कर्षात जिथे सोसणे आले आहे तिथे त्या स्त्रियांनी काय केले, तेही लेखात असते: संघटना बांधली, तक्रार केली, नोकरी सोडली, ठरवून गप्प राहिल्या. ते गाळू नका. लेखात नसेल तर घालूही नका.

मुलाखतीतले अवतरण एखादेच घ्या, ते सूत्र उघड करणारे असेल तरच. मुलाखत स्पॅनिशमध्ये झाली असेल आणि लेख इंग्रजीत, तर तुमचे मराठी वाक्य दुसऱ्यांदा झालेले भाषांतर आहे; अशा वेळी अवतरणचिन्हे काढून आशय सांगणे जास्त प्रामाणिक. बोलीतल्या इंग्रजीला ग्रामीण मराठीचा साज चढवू नका. अटलांटाची बाई विदर्भातल्यासारखी बोलू लागली की वाचक तिच्या शिक्षणाबद्दल आणि वर्गाबद्दल भलतेच अंदाज बांधतो. बदललेली नावे लेखात आहेत तशीच ठेवा.

संशोधक स्वतः कोण आहे, यावर अशा लेखांत बहुधा एक परिच्छेद असतो. त्याचा परिणाम मुलाखती मिळण्यावर किंवा अर्थ लावण्यावर झाला असे लेखात म्हटले असेल तर अर्धे वाक्य द्या, एरवी सोडा.

वाद मांडणारे लेख

इथे प्रत्येक विभागाला एक प्रश्न विचारा: हा विभाग काढला तर दाव्याचे काय अडेल? ज्याने काही अडत नाही तो सारांशात येत नाही. क्रेनशॉ यांचा १९८९ चा लेख असा उतरतो:

‘क्रेनशॉ (१९८९) यांच्या मते अमेरिकेतील भेदभावविरोधी कायदा, स्त्रीवादी सिद्धान्त आणि वंशवादविरोधी राजकारण या तिन्ही ठिकाणी वंश आणि लिंग यांचा विचार सुटा सुटा होतो आणि त्यातून कृष्णवर्णीय स्त्रिया वगळल्या जातात. तीन खटल्यांतून त्या हे दाखवतात: एकात कृष्णवर्णीय स्त्रियांना वेगळा गट म्हणून दाद मागू दिली नाही, दुसऱ्यात कृष्णवर्णीय स्त्रीला सर्व स्त्रियांची प्रतिनिधी मानले नाही, तिसऱ्यात कृष्णवर्णीय स्त्रियांना कृष्णवर्णीय पुरुषांच्या वतीने दाद मागू दिली नाही. चौकातील अपघात एका रस्त्याच्या वाहनाने होतो, तसा अनेक दिशांच्या वाहनांनीही होतो. त्याप्रमाणे या स्त्रियांचा अनुभव कधी गोऱ्या स्त्रियांसारखा, कधी कृष्णवर्णीय पुरुषांसारखा, कधी दोन्ही भेदभाव एकत्र आल्यासारखा, तर कधी केवळ कृष्णवर्णीय स्त्रियांचाच असतो.’

शेवटचे वाक्य सर्वांत जास्त वेळा बिघडते. ‘इंटरसेक्शनॅलिटी म्हणजे दोन भेदभावांची बेरीज’ असे लिहिले जाते, आणि लेखिका तर सांगते की बेरीज ही चारांतली एकच शक्यता. चौकाचे रूपक ठेवायचे असेल तर पूर्ण ठेवा, नाहीतर काढून टाका.

वर्षही जपा. १९८९ चा लेख मुख्यतः नोकरीतील भेदभावाचे खटले घेतो. १९९१ चा लेख कौटुंबिक हिंसा आणि बलात्कार यांवर आहे आणि संरचनात्मक, राजकीय व प्रतिमांशी संबंधित असे तीन पदर मांडतो. दोन्हींची खिचडी सर्वत्र आढळते. १९९१ च्या लेखात आणखी एक शिकण्यासारखी जागा आहे: लॉस एंजेलिस पोलिसांनी कौटुंबिक हिंसेची शहराच्या भागांनुसार आकडेवारी दिली नाही, हे क्रेनशॉ यांनी नुसते नोंदवून सोडले नाही, तर त्या नकारामागच्या राजकारणाचे विश्लेषण केले. आकडा का नाही, हाही काही वेळा निष्कर्षच असतो. त्याला मर्यादांच्या यादीत ढकलू नका.

मसुदा आणि पडताळणी

लेख बंद करा आणि टिपणावरून लिहा. लेख समोर उघडा असला की वाक्ये भाषांतर होऊन येतात. इंग्रजी वाक्य मराठीत आणून स्वतःचे म्हणून ठेवणे हेही वाङ्मयचौर्यच, भाषा बदलली म्हणून सुटका होत नाही.

क्रियापदे मोजून वापरा. ‘सिद्ध केले’ जवळजवळ कधीच नको. प्रयोग किंवा मोजणी असेल तर ‘आढळले’, ‘दाखवले’. अर्थ लावला असेल तर ‘त्यांच्या मते’, ‘त्या मांडतात’. शक्यता असेल तर ‘सुचवतात’. प्रत्येक परिच्छेदात निदान एकदा तरी हे म्हणणे कुणाचे आहे ते दिसले पाहिजे. कर्मणी वाक्यांवर लक्ष ठेवा: ‘स्त्रियांना वगळण्यात आले’ यात वगळणारा नाही. मूळ लेखात न्यायालय, रुग्णालय किंवा मालक असा कर्ता असेल तर त्याला वाक्यात बसवा.

मसुदा एक रात्र बाजूला ठेवून तिसरे वाचन करा. प्रत्येक आकडा, वर्ष आणि गटाचे नाव यांवर बोट ठेवून लेखातले पान शोधा. पान सापडले नाही तर शब्द कापा. मग एक छोटी चाचणी: सारांशातील सगळी वांशिक विशेषणे आणि ‘स्त्री’ हा शब्द झाकून वाचा. वाक्य तसेच्या तसे खरे वाटत असेल तर ते फार मोघम आहे. लेखातून त्या गटापुरता असलेला तपशील आणून ते पुन्हा लिहावे लागेल. यंत्राकडून सारांश करून घेतला असेल तर हीच पडताळणी आधी करा, कारण तिथे ‘हिस्पॅनिक नसलेल्या’सारखी विशेषणे सर्वांत आधी गळतात. शक्य असेल तर लेख न वाचलेल्या एका व्यक्तीला सारांश द्या आणि विचारा, ‘हा लेख कोणत्या बायकांबद्दल आहे?’ उत्तर नुसते ‘अमेरिकेतल्या’ असे आले, तर ‘कोण’ची ओळ मसुद्याच्या पहिल्या तीन वाक्यांत वर न्या.